मीनूला, खंडेनवमीच्या रात्री, 2023

मीनू बाळा,

अनेक आशीर्वाद. शनिवारी रात्री तू फोन कट केलास त्याला आता दोन दिवस झाले. आई म्हणते एक मेसेज टाका नि विषय संपवा, पण माझं मेसेजमध्ये काय बसत नाही, म्हणून हे एका बोटाने टाईप करत बसलोय, चुका सांभाळून घे. आज खंडेनवमीची पूजा केली. तो 32 चा रिंग पाना, आजोबांचा विळा, आणि आईने तुझा कॉलेजचा कॅल्क्युलेटर पण शेजारी मांडला. हळदकुंकू बटणांत गेलंय, त्यात माझा हात नाही.

आधी भांडणाचं. रॉकेट बिघडलं तर आतली माणसं कॅप्सूलसकट सुटतात का, ती तुमची इस्रोची गगनयानची चाचणी बघायला मी शनिवारी सकाळी 7 पासून टीव्हीपुढे होतो. 8 चं 8.30 झालं, मग 8.45, हवामान ठीक नाही म्हणे. आई सातवी माळ घालून आली तरी तुमचं उडेना. मग काउंटडाऊन सुरू झाला आणि 5 सेकंद राहिले असताना थांबला. मला वाटलं टीव्हीच अडकला, मी रिमोट आपटला पण. मग इस्रोचे प्रमुख सोमनाथ साहेब आले आणि सरळ सांगून मोकळे झाले की इंजिन नीट पेटलं नाही, यान सुरक्षित आहे, बघून सांगतो. 10 वाजता उडालं. तोवर मी तीन चहा प्यायलो होतो आणि आईने देवीपुढचा दिवा दोनदा सारखा केला होता.

एवढं सगळं चांगलं झाल्यावर रात्री तुझा फोन आला तर मी शाब्बास म्हणायला पाहिजे होतं. ते सोडून माझ्या तोंडातून काय निघालं, तर "5 सेकंदाला थांबलं ते कुणाच्या सहीमुळं? तुझी तर नव्हती ना?" आणि तू म्हणालीस, "आप्पा, हे तुमच्या कारखान्याचं बॉयलर नाहीये." खट्.

खरंय. बॉयलर नाहीये. आणि मला कळत नाही असं समजू नकोस, 2018 च्या जुलैपासून मी तुमचं सगळं बघत आलोय. तेव्हा तुमचं 12.6 टनाचं धूड नुसतं जमिनीवरून उचललं होतं, खाली रॉकेटच नव्हतं, 259 सेकंदांत समुद्रात. या वेळी खाली ते विकास इंजिनवालं रॉकेट. 12 किलोमीटरच्या आसपास, आवाजाच्या वेगापेक्षा थोडं जास्त असताना, जिथे हवा सगळ्यात जास्त झोडपते नेमकं तिथे मुद्दाम सोडवायचं. आणि वरचे मोटर कॅप्सूलला ढकलत नाहीत, टोकाला बसून वर ओढतात, पोराला बकोटीला धरून आगीतून बाहेर काढावं तसं. 17 किलोमीटरवर सोडून दिलं, मग पॅराशूट, मग श्रीहरिकोट्यापासून 10 किलोमीटरवर पाण्यात, तिथून नेव्हीच्या आयएनएस शक्तीने उचललं. हे सगळं मी न बघता सांगितलं परवा सलूनमध्ये. दाढीला बसलेले चार लोक, एकाचा फेस वाळला ऐकता ऐकता. माझी पोरगी तिथे आहे असं मी तीनदा म्हणालो बहुतेक, नंतर लाज वाटली.

पण मीनू, तू ज्याच्यावर काम करतेस ती वस्तू कधीच लागू नये अशीच सगळ्यांची इच्छा असणार ना. सगळं सुरळीत झालं तर ते टोक तसंच फेकून देणार. लागली तर मात्र एकदाच, आणि तेवढ्या एका वेळेला ती चाललीच पाहिजे. त्या पायरोच्या, म्हणजे स्फोटाने सुटणाऱ्या भागांच्या, तारा काय, कनेक्टर काय, प्रत्येकाच्या कागदावर कुणाची तरी सही असणार. म्हणून मी म्हणतो की स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय, स्वतः हात लावल्याशिवाय सही करू नकोस. साहेब म्हणाला, घाई आहे म्हणाला, देश बघतोय म्हणाला तरी नाही. वर जे बसतील, कुणाची तरी पोरं आहेत ती.

बघ, लागलो लेक्चर द्यायला. आई मागून वाचतीय आणि म्हणतीय, अहो तिला शिकवताय काय, ते पीएसएलव्ही रॉकेट तुम्ही उडवलं का तिने. चुकलं. पुन्हा नाही म्हणणार.

तुला आठवतं का, तू सहा वर्षांची होतीस, माईंकडून परत येताना आपल्याला लाल एसटीची शेवटची सीट मिळाली होती. तू नुकतीच वाचायला शिकलेली, दिसेल ते वाचत सुटायचीस. त्या मागच्या काचेवर लिहिलेलं "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग" तू एकेक अक्षर लावून वाचलंस आणि विचारलंस, "आप्पा, संकट काळी असते? गोरी नसते?" सगळी बस हसली. मग तू कंडक्टरला म्हणालीस उघडून दाखवा. तो म्हणाला बाळ, ते संकट आल्यावर उघडायचं. तर तू म्हणालीस, "पण आत्ता उघडून बघितलं नाही तर तेव्हा उघडतं का ते कसं कळणार?"

बस परत हसली. मी हसलो नव्हतो. का नाही हसलो ते तुला आज सांगतो, आईला पण हे पहिल्यांदाच वाचायला मिळतंय (ती आता मागे उभी नाही, भाजी बघायला गेलीय).

1991 चा गळीत हंगाम. बॉयलरवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो तुला माहितीय, प्रेशर हद्दीबाहेर गेलं की तो आपोआप उडून वाफ सोडतो. तो अडकलेला नाही ना हे बघायला मधून मधून त्याचा लिव्हर हाताने ओढून बघायचा असतो. ओढला की कान फाटेल असा आवाज, प्रेशर थोडं उतरतं, मग मिलवाले ओरडत येतात की गाळप मंदावलं. त्या रात्री यार्डात गाड्यांची रांग लागलेली, थंडी, मी दोन पाळ्या सलग केलेल्या. मी वर चढलोच नाही. लॉगबुकमध्ये लिहिलं "व्हॉल्व्ह तपासला, ओके" आणि खाली सही ठोकली. आमच्या लेखी एवढासा शब्द.

अकराव्या दिवशी काटा लाल रेषेच्या पुढे गेला आणि व्हॉल्व्ह उडेना. मी खाली भट्टीत जाणारा बगॅस, उसाचा चोथा, बंद करायला धावलो आणि दत्तू लोखंडी गज घेऊन वर गेला, व्हॉल्व्हला ठोकलं, तो सुटला आणि वाफ याच्या हातावर. बॉयलर वाचलं. लहानपणी तू त्याला विचारायचीस ना, दत्तूकाका तुमचा एकच हात असा चकचकीत का, त्याला केसच कसे नाहीत. तो म्हणायचा, बाळ, इस्त्री केलीया.

मला कुणी काही विचारलं नाही. चौकशीत आलं की व्हॉल्व्हच्या बैठकीला गंज आणि क्षार धरलेला. लॉगबुकमध्ये ओके होतं, कागद बरोबर होता. मीनू, तो कागद बरोबर होता हेच मला 32 वर्षं झोपू देत नाही. मला तुझ्या यानाची भीती नाही वाटत गं, तुमच्याकडे माझ्यापेक्षा शंभरपट हुशार लोक आहेत. मला त्या कागदाची भीती वाटते. तुझ्या नशिबी असा एखादा कागद येऊ नये. (सहीचं परत आलंच बघ. राहू दे आता, खोडत नाही.)

तू मागे दिवाळीत सांगितलेली रशियाची गोष्ट मी विसरलो नाही. 26 सप्टेंबर 1983, बायकोनूर, सोयूझला उड्डाणाआधीच खालून आग लागली, तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह वर बसलेले, आणि आगीत ताराच जळाल्या. मग दोन माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणाहून कमांड द्यावी लागली, कॅप्सूल सुटलं आणि दोनच सेकंदांत खाली रॉकेट फुटलं. दोघं 4 किलोमीटरवर जिवंत उतरले. आणि ती अमेरिकेची पण, 1959 ची, सगळे तयारी करतायत आणि उड्डाणाच्या अर्धा तास आधी ते सुटकेचं यंत्र स्वतःच पेटून कॅप्सूल घेऊन निघून गेलं, रॉकेट आपलं तिथंच उभं. तू हसत हसत सांगितलीस, मी पण हसलो, पण रात्री पडल्या पडल्या मला ती बटणावरची दोन माणसंच दिसत होती. त्या आधी कुणीतरी ते मोटर नीट बघून ठेवले असतील, त्याचं नाव कुणाला माहिती.

शनिवारी तू फोन कट केल्यावर मी बराच वेळ विचार केला आणि मला एक गोष्ट कळली जी तिथेच कळायला पाहिजे होती. अख्खा देश बघत असताना तुमचं मशीन 5 सेकंदाला थांबलं आणि तुमची माणसं लाजली नाहीत, पळवापळवी केली नाही, बघितलं काय झालंय, मग 10 ला सोडलं. मला साधं गाळप थांबवायचा धीर झाला नव्हता. मी तुला विचारलं कुणाची चूक, आणि तू मला सांगत होतीस की थांबलं म्हणजे ते बरोबर चाललं. मी ऐकूनच घेतलं नाही. सॉरी बाळा.

काल संध्याकाळी मी दत्तूकडे गेलो. 32 वर्षांनी. म्हटलं तुला सांगून होणार नाही आधी त्याला सांगितल्याशिवाय. तो ओट्यावर शेंगा फोडत बसला होता. मी सगळं सांगितलं, लिव्हर ओढला नव्हता, खोटं लिहिलं होतं. त्याने वर पण बघितलं नाही. म्हणाला, "मला ठावं हाय की. त्या राती मी वरच झोपलो हुतो, उबंला. वाफ सुटली असती तर मी जागा झालो नसतो व्हय?"

मग बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितला. मी काही बोलू शकलो नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, पोरीचं बघितलं मी टीव्हीवर, झ्याक झालं. त्याला एकच अडलंय. पाण्यात पडल्यावर ते कॅप्सूल उलटं तरंगत होतं असं त्याच्या नातवाने मोबाईलवर वाचून दाखवलं, तर आत माणसं असती तर ती डोकं खाली पाय वर अशी किती वेळ बसली असती, आणि ते सरळ कसं करणार तुम्ही? मला सांगता आलं नाही. उद्या दसऱ्याला सोनं द्यायला तो येणार आहे सकाळी 10 च्या सुमाराला, तेव्हा फोन कर आणि त्यालाच सांग.

तुझा,
आप्पा