मुक्ताला पत्र: निवडलेल्या वाटेची गोष्ट

पेडणे, गोवा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, वाचक स्वतः वाट निवडेल अशी गोष्ट लिहायची आहे, पण शिकू कुठून?" तेव्हा मला काही सांगता आलं नाही. तेव्हापासून रोज रात्री जेवणं आटोपली की मी त्याच्याच मागे आहे. सापडलं ते आणि मनात आलं ते, दोन्ही लिहितो.

आधी घरचंच. देवळातला काला, म्हणजे रात्रीचा दशावताराचा खेळ, तू माझ्या मांडीवर पेंगत पाहिला आहेस. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. मंडळीचा मालक आख्यान सांगतो, कोण राजा, कोण राक्षस ते ठरवतो, आणि तोंडाला रंग लावता लावता नट आपसात चार गोष्टी बोलून घेतात. बाकीचं सगळं पेटी-मृदंगाच्या साथीने तिथेच घडतं. मी गावच्या काल्यात प्रधान व्हायचो तेव्हाची एक रात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. राजा राणीला वनात धाडतो तो प्रवेश चालू होता. पुढे बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अरे, तिका विचार तरी!" राजा थबकला, वळला, आणि त्याने खरंच राणीला विचारलं. पुढची पंधरा मिनिटं आमच्यापैकी कोणीच ठरवलेली नव्हती. राणी वनात गेलीच, आख्यान मोडलं नाही. पण आता ती विचारल्यावर गेली होती, त्यामुळे राजाचा नंतरचा विलाप पार वेगळा झाला. मुक्ता, तुला जे लिहायचंय ते मला या पंधरा मिनिटांत दिसतं.

कारण हिशोब मांडून बघ. दर वळणावर दोन वाटा ठेवल्यास आणि प्रत्येक वाट शेवटपर्यंत वेगळी नेलीस, तर दहा वळणांत १०२४ शेवट होतात. माणसाच्या हातून ते होत नाही. म्हणून जाणते लेखक वाटा फोडतात, पुढे पुन्हा एकत्र आणतात आणि वाचकाने मागे काय केलं त्याची नोंद ठेवतात. पाचव्या पानावर त्याने म्हातारीला पाणी दिलं नसेल, तर तिसाव्या पानावर तिने त्याला पाहून दार लावून घेतलं पाहिजे. ती नोंद नसेल तर पर्याय देणं म्हणजे वाचकाची फसवणूक, असं माझं स्पष्ट मत आहे.

साधनांत ट्वाइनपासून सुरुवात कर, वाटा फुटणाऱ्या गोष्टी लिहायचं ते संगणकावरचं साधन. ख्रिस क्लायमस यांनी ते २००९ मध्ये आणलं, फुकट आहे. जोड चौकटी कंसात [[दार उघड]] असं लिहिलंस की त्या नावाची नवी चौकट, म्हणजे गोष्टीचा पुढचा तुकडा, आपोआप तयार होते आणि दोन्ही चौकटींमध्ये बाण उमटतो. मी पहिल्यांदा तो बाण पाहिला तेव्हा तुझ्या आईला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवला. देवनागरी नीट चालते, जोडाक्षरं फुटली नाहीत. एक काळजी घे: ब्राउझरमधलं ट्वाइन तुझी गोष्ट त्या ब्राउझरमध्येच साठवतं, म्हणून रोज उठताना फाईल उतरवून ठेव. हात बसला की इंक बघ, ती अशाच गोष्टी लिहायची संगणकभाषा. केंब्रिजच्या इंकल स्टुडिओने ती २०१६ मध्ये सर्वांसाठी खुली केली. ओळीच्या आधी चांदणी (*) घातली की तो पर्याय झाला. नाटक लिहिल्यासारखं सलग लिहिता येतं, हे मला फार आवडलं. ग्रॅहम नेल्सन यांचं इन्फॉर्म हे असंच तिसरं साधन मोठं काम आहे, पण त्याला वाक्यं इंग्रजीत द्यावी लागतात, सध्या राहू दे.

वाचल्याशिवाय मात्र लिहू नकोस. अशा, वाचकाच्या निवडीने पुढे जाणाऱ्या, परस्परसंवादी कथांची एक वार्षिक स्पर्धा १९९५ पासून चालू आहे, तिच्यातल्या कथा फुकट वाचता येतात. तिथे कोणीही परीक्षक होऊ शकतं, आणि फार तर दोन तास खेळून गुण द्यायचे असतात. तू परीक्षक हो. दुसऱ्याची गोष्ट कुठे कंटाळवाणी झाली ते लिहून काढताना आपली गोष्ट सुधारते.

या प्रकाराचा उगम वाचून मला भरून आलं. विल क्राउदर हे संगणकाचं काम करणारे गृहस्थ, गुहांत उतरायचा नाद असलेले. संसार मोडल्यावर मुली दुरावतील म्हणून त्यांनी १९७६ च्या सुमारास केंटकीतल्या खऱ्या गुहेवरून, शब्द टाइप करून पुढे जायचा एक खेळ त्या मुलींसाठी लिहिला.

दुसरी हकीगत तुला सावध करण्यासाठी. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा हा बोलणारा प्रोग्राम जगापुढे मांडला. तो समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा, एवढंच. त्यांच्या सेक्रेटरीने तो बनताना पाहिला होता, तरी त्याच्याशी बोलताना तिने त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. ते इतके हादरले की पुढे १९७६ मध्ये त्यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं. माणूस यंत्रापुढे इतक्या सहज मन मोकळं करतो. तुझ्या गोष्टीत वाचक नाव, दुःख, गुपित लिहील, तेव्हा ते कुठेही साठवू नकोस. रोज न आल्यास काही गमावशील, असली भीती घालून त्याला बांधूनही ठेवू नकोस.

आणि संवाद तूच लिही. मी एका यंत्राला आपल्याकडच्या म्हातारीचं बोलणं लिहायला सांगितलं. वाक्यं शुद्ध होती, पण ती म्हातारी कुठल्याच गावची नव्हती.

विषय विचारत होतीस. १६ जानेवारी १९६७ घे. जनमत कौल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे गोवा वेगळा. आजोबांनी फुलावर शिक्का मारला, धाकट्या आजोबांनी दोन पानांवर. एका ओसरीवरून दोघे निघाले आणि मग बरीच वर्षं एका पंगतीला बसले नाहीत. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. 'गोमन्तक' फुलाच्या बाजूने आणि 'राष्ट्रमत' दोन पानांच्या, दोन्ही दैनिकं मराठीच. पुढच्या सुट्टीत पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊ, जुने अंक मागून बघू. कौलाचा निकाल तुझ्या वाचकाला बदलता येणार नाही, राणीला वनात जावं लागलं तसंच. पण घरी परतल्यावर भावाच्या शेजारी पाट मांडायचा की नाही, हे त्याच्या हातात राहील.

आजीने त्या दिवशी कुठे शिक्का मारला ते तिने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आजोबांनाही नाही. परवा तुझ्या गोष्टीबद्दल सांगितलं तर म्हणाली, "पोरीला म्हण, लवकर लिही." पहिला खर्डा झाला की फाईल पाठव. मी तिला ती फोनवर उघडून वाचून दाखवीन, पर्यायावर बोट तिला ठेवू दे.

तुझा
बाबा