फाटकालगतची कामिनी उपटून लावलेल्या हॉलीच्या झुडपांबाबत

मा. अध्यक्ष महोदय,
स. न. वि. वि.

या विषयावरील माझ्या अर्जांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही, म्हणून हे सविस्तर पत्र देणे भाग पडत आहे. आपल्या उपविधींप्रमाणे सामाईक जागेत बदल करायचा तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. असे असताना तळमजल्यावरील एका सभासदांनी, मुलाकडे अमेरिकेत पाहिलेले हॉलीचे (काटेरी पानांच्या, लाल फळांच्या विदेशी झुडपाचे) कुंपण आपल्या दारातही हवे एवढ्या हौसेपायी, ऐन फुलण्याच्या हंगामात फाटकालगतची कामिनी माळ्याकरवी उपटून टाकली आणि समितीने त्याकडे कानाडोळा केला.

हॉलीला थंड हवा आणि किंचित आम्लधर्मी, पाण्याचा निचरा होणारी माती मानवते. इंदूरची काळी माती अल्कधर्मी आहे, पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि मे महिन्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो. आपण स्वतः खाली येऊन रोपे पाहावीत. पाने शिरांपुरती हिरवी उरली आहेत, मधला भाग पिवळा पडला आहे आणि काटेरी कडा करपल्या आहेत. अशा मातीत लोह असले तरी मुळांना ते घेता येत नाही, त्याची ही खूण आहे. त्यावर या सभासदांनी हवनाची राख घातली. राखही अल्कधर्मीच, त्यामुळे दुखणे वाढले. मी हे जिन्यात शांतपणे सांगितले, तर मलाच चार शब्द ऐकावे लागले. गेल्या रंगपंचमीला त्यांच्या पाहुण्यांनी जास्वंदीच्या वाफ्यात रंगाचे पाणी ओतले, तेव्हाही मी गप्पच बसले होते.

सारा आग्रह लाल फळांसाठी आहे. हॉलीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, फळे फक्त मादीला आणि तीही जवळपास नर असेल तरच धरतात. आणलेली रोपे कोणती, हे कोणीही विचारलेले नाही. शिवाय ही फळे मुलांनी खाल्ल्यास उलट्या होतात. आमच्या जिन्यातील बहुतेक घरांचे मत माझ्यासारखेच आहे; वाईटपणा नको म्हणून ते लिहून देत नाहीत, इतकेच.

तरी हॉलीची रोपे त्या सभासदांनी कुंड्यांत घालून स्वतःच्या गॅलरीत न्यावीत, त्यांच्याच खर्चाने कामिनी पुन्हा लावून घ्यावी, आणि माळ्याला यापुढे फक्त समितीनेच कामे सांगावीत. याचे लेखी उत्तर मला पुढील सभेपूर्वी मिळावे.

आपली विश्वासू,
पहिल्या मजल्यावरील एक सभासद