रंग आतून द्यायचा होता

सावंतवाडी,
१० ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

शिमग्यानंतर तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही. तू दोनदा फोन केलास, चतुर्थीला मेसेज टाकलास, मी नुसता हात जोडल्याचा फोटो पाठवून मोकळा झालो. रागावला असशील तर तो राग मला मान्य आहे. आईचे गुडघे तसेच आहेत, माझी साखर आटोक्यात आहे, छपराची दोन कौलं या पावसात गेली, ती बदलली. इतकी खबर पुरे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. आपल्याला काम शिकवणाऱ्या सरांच्या पेनात, ॲक्रिलिकच्या आत चिकटवलेली पितळेची नळी बाहेरून दिसते.

तू पाठवलेल्या समुद्रहिरव्या ब्लँकचं, म्हणजे त्या ॲक्रिलिकच्या कांडीचं, मी जे पेन केलं आणि ३१ मेला त्यांच्या हातात दिलं, तेच. गेल्या आठवड्यात वाचनालयात गेलो होतो. सर वहीत नाव लिहीत होते. चार-साडेचारची वेळ, तलावाकडच्या खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं. लिहिताना त्यांचा हात त्या उन्हात गेला आणि हिरव्याच्या आत मला पितळ दिसलं. मधल्या कडीजवळ तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका, आणि त्याला लागून पांढुरक्या बुडबुड्यांची एक रांग. बांगडा उन्हात धरला की पोटाकडे जशी चमक येते तशी. सावलीत काही कळत नाही. देताना आपण ट्यूबलाइटखाली दिलं होतं ना, म्हणून त्या दिवशी कुणालाच दिसलं नाही.

हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, एवढं काय त्यात, पेन लिहितंय ना. तू तसं म्हणणार नाहीस. कारण २०१३ च्या मे महिन्यात तुझ्या पडवीत बसून तू मला हेच सांगत होतास आणि मी ऐकलं नव्हतं. 'रंग भोकाला दे, नळीला नको.' तू तीनदा म्हणालास. मी तुला म्हटलं, तू मला रंग शिकवू नकोस, माझ्या आज्याने लाखेवर घर चालवलंय. मग तू जेवणावरून उठलास आणि पुढे वर्षभर आपण बोललो नाही. तुझ्या आईने त्या दिवशी सोलकढी केली होती, ती तशीच राहिली, हेही आठवतं.

आज त्या भांडणाचं मूळ मला कळतंय. लाखेच्या कामात रंग वरून बसतो. लाकूड लेथवर फिरत असतं, लाखेची कांडी त्यावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि रंग पसरतो. खाली लाकूड कसं आहे, गाठ आहे का, रेघ आहे का, ते त्या थराखाली झाकलं जातं. लहानपणापासून हाताला हेच माहीत. अर्धपारदर्शक ॲक्रिलिकमध्ये सगळं उलटं आहे. वर झाकायला काहीच नाही. नजर थेट भोकाच्या तळापर्यंत जाते, आणि ड्रिलची रेघ, गोंदाचा बुडबुडा, पितळ, जे असेल ते आणून दाखवते. मी नळी रंगवली, पण नळीवरचा रंग आणि ॲक्रिलिक यांच्या मध्ये गोंदाचा थर आला. म्हणजे बघणारा माझा रंग गोंदातून बघतो. गोंद जिथे पोचला नाही तिथे हवा, आणि हवा पांढरी दिसते. रंग भोकाच्या आतल्या भिंतीला दिला असता तर तो सरळ ॲक्रिलिकला चिकटला असता आणि त्याच्या मागे गोंद कसाही बसला असता तरी कुणाला दिसला नसता. इतकी साधी गोष्ट तू सांगत होतास.

आणि मी गोंद वापरला सायनो, क्षणात धरणारा. घाई होती, ३० तारीख होती. नळी अर्ध्यावर गेली आणि जागच्या जागी धरली. मी ती लाकडी ठोकळ्याने दाबून आत ढकलली. तेव्हाच भोकाच्या तोंडाशी नळीवरचा रंग खरवडला गेला असणार, कारण ठिपका बरोबर त्याच टोकाला आहे. शिवाय कडीजवळ आपण बॅरल, म्हणजे नळीवरचा ॲक्रिलिकचा भाग, उतरवून ८ मिमीच्या आसपास आणतो, आत नळी ७ ची. म्हणजे तिथे ॲक्रिलिकची भिंत जेमतेम अर्धा मिलिमीटर. पोटाला तीच दोन मिलिमीटर भरते, रंग गडद दिसतो, पुष्कळ काही लपतं. टोकाला काहीच लपत नाही.

तेव्हापासून रात्री जेवून लेथवर बसतो. तू मागे दिलेले तुकडे होते, निळा, मधाच्या रंगाचा आणि त्या हिरव्याचीच एक कापलेली चकती. सगळ्यांवर करून बघितलं. पहिला डाव फसला तो थिनरमुळे. रंग आत नीट फिरावा म्हणून थिनरने पातळ केला, सकाळी चकती उजेडात धरली तर भोकाच्या कडेने केसासारख्या बारीक भेगा. ड्रिलिंगचा ताण आत शिल्लक असतो आणि त्यावर थिनर पडला की ॲक्रिलिक तडकतं. आपण सांगितलेलं कोण ऐकतं असं तू म्हणायचास, तर आता ऐकतोय. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घेतला, शाळेच्या मुलांना लागतो तोच. थेंबथेंब आत सोडला, दोन्ही टोकांना बोट लावून तुकडा फिरवला, भिंत पूर्ण भिजली की उभा करून जास्तीचा रंग कागदावर निथळू दिला. एका हाताने भागलं नाही, उजेडात जाळी दिसत होती. दुसरा हात दिला तेव्हा भरलं.

पण वाळवण! पुस्तकी हिशोबात चोवीस तास. इथे परवापर्यंत पावसाची सर येतेय, भिंतीला हात लावला तर ओला होतो. चोवीस तासांनी नळी घातली तर रंग सायीसारखा गोळा होऊन दुसऱ्या टोकाने बाहेर आला. आता तुकडे तांदळाच्या डब्यात उभे ठेवतो आणि चार दिवस हात लावत नाही. आईने डबा उघडला, आत रंगीत कांड्या बघितल्या आणि म्हणाली, 'ह्या काय पेरलंस? भाताबरोबर उगवतला मा?' त्यात परवा नळीची तोंडं बंद करायला मी तिचा बटाटा घेतला. कच्च्या बटाट्याच्या चकतीवर नळी दाबली की आत बूच बसतं आणि गोंद नळीत जात नाही, हे तूच दाखवलं होतंस. आता ती बाजाराच्या पिशवीतून बटाटे मोजून काढते.

रंग कोणता द्यावा यावर मी तीन रात्री घालवल्या. पांढरा दिला की हिरवा उजळतो, आरवलीच्या किनाऱ्यावर उथळ पाणी दिसतं तसा. काळा दिला तर पार खोल जातो, घरातल्या उजेडात हिरवा आहे हेसुद्धा कळत नाही. हिरव्याला हिरवाच दिला तर पाणी तेच राहतं, फक्त खोली वाढते. मला तो आवडला. नळीलाही तोच हिरवा द्यायचा ठरवलं आहे, म्हणजे आत घालताना भोकाचा रंग कुठे खरवडला तरी मागे पितळ दिसणार नाही. आधी मी यातलं एकच करायचो, तू दुसरं सांगायचास, आणि दोन्ही करावं हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

गोंदाबद्दल तुला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. सायनो या कामातून काढला. या दमट हवेत तो आणखी लवकर धरतो आणि भोवती पांढरी बुरशीसारखी झाक सोडतो. फुगणारा पॉलियुरेथेन गोंद एकदा लावला, तो फेसाळून नळी बाहेर ढकलतो, सकाळी उठून बघितलं तर नळी दोन मिलिमीटर पुढे आलेली. राहिला दोन ट्यूबांचा इपॉक्सी, तोही सावकाश सुकणारा. नळीला लावायचा, थोडा भोकाच्या तोंडाशी, आणि नळी गोल फिरवत आत न्यायची. रात्रभर तसंच. एक काळजी मात्र राहते. गोंद आता ॲक्रिलिकला धरत नाही, रंगाला धरतो, आणि रंग ॲक्रिलिकला जितका धरेल तितकीच सगळ्या जोडाची ताकद. टोकं तासताना निळ्या तुकड्याची एक कपची उडाली, तिच्या मागे रंग जसाच्या तसा होता. म्हणून रंग पातळ हवा, पूर्ण वाळलेला हवा. आणि भोक किंचित सैल. रंगाचे दोन हात बसल्यावर ७ च्या भोकात नळी जाईना, मी हाताने पॉलिश पेपर फिरवून फिरवून थकलो.

आज्याच्या घरी गंजिफ्याचे गोल पत्ते चिकटवायला चिंचोक्याची खळ असायची, तुला आठवते? शिजवताना घरभर वास. तिथे ही चिंता नव्हती, मागे काय आहे ते कुणी बघणार नव्हतं.

तर आता सर. मी त्यांच्या घरी गेलो आणि सरळ सांगितलं, सर, पेनात दोष आहे, मला परत द्या, दुसरं करून देतो. त्यांनी चष्मा काढला, पेन दिव्याला धरलं, बराच वेळ फिरवून बघितलं. म्हणाले, मला वाटलं तू मुद्दाम ठेवलंस, पाण्यात मासा दिसतो तसं. परत देईनात. आईला हे सांगितलं तर ती म्हणते, 'तेंका आवाडला तर तुजा काय जाता?' माझं जातं, बाळ्या. ज्या माणसाने आपल्याला व्हर्नियर धरायला शिकवलं, पाव मिलिमीटर चुकलं तर जॉब परत करायला लावला, त्यांच्या खिशात माझं ते पेन आहे. ते रोज त्याने लिहितात. मी झोपताना तो ठिपका बघतो.

तुझं काय चाललंय? चिन्मयीचं दहावीचं वर्ष ना हे? तिला माझा आशीर्वाद सांग. बदलीचं झालं का काही? वहिनींना सांग, त्यांच्या वाटणीचे उकडीचे मोदक यंदा मी एकट्याने खाल्ले, अकरा.

आता मुद्द्याचं. त्या हिरव्याचा अर्धा ब्लँक शिल्लक आहे, मोजला, ११२ मिमी. दोन बॅरल निघतात, पण कापायला आणि टोकं तासायला फार थोडं उरतं. एक चूक झाली की संपलं, आणि त्या रंगाचा दुसरा मिळत नाही हे तूच लिहिलं होतंस. म्हणजे ड्रिल एकदाच. ब्लँक थोडा लांब ठेवून ड्रिल पलीकडून बाहेर न काढता थांबायचं आणि टोक नंतर कापायचं, ही तुझी पद्धत मला माहीत आहे, पण इथे तेवढी लांबी नाही. पलीकडून बाहेर पडताना कपची उडेल याची मला धास्ती आहे. मागे लाकडाचा तुकडा चिकटवून बघितला, मधाच्या रंगाच्या तुकड्यावर दोनदा जमलं, तिसऱ्यांदा कड फुटली. मी ड्रिल दर पाच-सहा मिलिमीटरला बाहेर काढतो, किस झटकतो, साबणाचं पाणी सोडतो. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि मग भोकाला आतून वळ्या पडतात, हेही पाठ आहे. तरी माझा हात शेवटच्या इंचाला दाब देतो. तुझा देत नाही. तू शेवटी ड्रिल जवळजवळ सोडून देतोस, त्याचं ते आपल्या वजनाने पलीकडे निघतं. मी शंभरदा बघितलं आहे, मला ते येत नाही.

म्हणून ब्लँकला हात लावलेला नाही. कपाटात वरच्या फळीवर, कापडात गुंडाळून ठेवला आहे. दिवाळीला तू येणार असशील तर भोक तू पाड. रंग मी देईन, आतून. तोवर हवाही कोरडी झाली असेल.

येताना ७.२ चं नवं ड्रिल घेऊन ये. इथे ७ आणि साडेसातच मिळतं.

तुझा,
दादू