चर्चच्या आवारातल्या जुन्या क्रॉसच्या दुरुस्तीसाठी मराठी रहिवाशांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

ग्लॉस्टरशरमधल्या आपल्या गावात चर्चच्या दक्षिणेला, थडग्यांच्या मध्ये, पायऱ्यांच्या जोत्यावर एक दगडी खांब उभा आहे. पंधराव्या शतकातला हा क्रॉस आहे. त्याला माथा मात्र उरलेला नाही. पाम संडेची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारची, मिरवणूक पूर्वी अशा क्रॉसपाशी येऊन थांबायची. पुढे इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. १६४३ साली पार्लमेंटने चर्चमधले आणि आवारांतले क्रॉस हटवण्याचा हुकूम काढला. तेव्हा कितीतरी गावांत जोते आणि अर्धामुर्धा खांब एवढेच मागे राहिले. याच काउंटीतल्या ॲम्पनी क्रूसिस गावाचे नशीब चांगले. तिथला कोरीव माथा चर्चच्या भिंतीतच चिणलेला होता. तो एकोणिसाव्या शतकात सापडला आणि पुन्हा खांबावर चढवला गेला. एका अंगाला क्रुसावरचा येशू, दुसऱ्या अंगाला बाळाला घेतलेली मेरी. वाकडी वाट करून पाहावा असा आहे.

आपल्या खांबाला तडा गेला आहे. मागे कुणीतरी चांगल्या हेतूनेच सांधे सिमेंटने भरले. पण इथला चुनखडीचा दगड मऊ आणि सच्छिद्र. सिमेंटमुळे आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही, हिवाळ्यात गोठून फुगते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आतली लोखंडी पट्टीही गंजून फुगली आहे. सिमेंट हळूहळू काढायचे, लोखंडाच्या जागी स्टेनलेस स्टील घालायचे आणि सांधे चुन्याने भरायचे, असे काम ठरले आहे. थंडीत चुना नीट धरत नाही, म्हणून ते ऑक्टोबरच्या आत उरकायला हवे. क्रॉस संरक्षित स्मारक असल्याने परवानग्यांसाठी अर्ज केले आहेत.

गावाकडचे वीरगळ ऑइलपेंटने माखलेले पाहून ज्यांचा जीव हळहळतो, त्यांना हे वेगळे समजावायला नको. आपली मुले याच गावात वाढताहेत. या गावच्या वारशाला आपलाही हातभार लागावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

पाच-दहा पौंडांचीही देणगी मोलाची आहे. ती पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, दुरुस्ती निधीत जमा करावी आणि पावती जरूर घ्यावी. ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्यांनी गिफ्ट एड या सरकारी योजनेचा अर्ज भरल्यास प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स जादा मिळतात. कुणाकडे क्रॉसचे जुने फोटो असतील तर तेही द्यावेत. तडा कधीपासून वाढतो आहे हे गवंड्याला कळेल. आणि एक विनंती: दगडावरचे शेवाळ किंवा दगडफूल कुणी ब्रशने घासू नये.

आपले,
क्रॉस दुरुस्ती समितीतील मराठी सदस्य