रॉबर्टच्या आईचं घर

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

आजी-आजोबांना घेऊन स्प्रिंगफील्डला अब्राहम लिंकनचं घर बघून आलो. तुला सुट्टी मिळाली नाही म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतोस.

घर म्हणजे काही वाडा नव्हे. तपकिरी रंगाचं, हिरव्या झडपांचं दुमजली लाकडी घर. “एवढंच?” आजोबा म्हणाले. वकिलाचं घर, दुसरं काय असणार! लिंकनच्या मालकीचं आयुष्यात हे एकच. ज्या पाद्र्याने त्या दोघांचं लग्न लावलं, त्याच्याकडूनच १८४४ मध्ये घेतलेलं. वरचा मजला तेव्हा धड नव्हता, तो १८५६ मध्ये पुरा केला. इथूनच १८६१ मध्ये लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून वॉशिंग्टनला गेले, ते जिवंत परत आले नाहीत.

आत कशाला हात लावायचा नाही, जिन्याचा कठडा सोडून. तो त्यांच्या काळचा आहे, म्हणून घर दाखवणारा रेंजर उलट सांगतो, धरूनच चढा. आजीचे गुडघे तुला माहीतच आहेत. दोन्ही हातांनी कठडा धरून एकेक पायरी चढली, वर पोचल्यावर तळहाताकडे बघून म्हणाली, “किती गुळगुळीत झालाय गं!” मागे रांग खोळंबली होती, पण कोणी कुरकुरलं नाही.

माझं लक्ष मात्र सगळा वेळ लिंकनच्या बायकोकडे, मेरीकडे. लोकांच्या तोंडी ती भांडकुदळ, उधळी, शेवटी वेडी. केंटकीतल्या सधन घरातली मुलगी इथल्या चिमुकल्या स्वयंपाकघरात लोखंडी चुलीपुढे उभी राहिली. नवरा वर्षातून दोनदा कोर्टाच्या फिरतीवर निघायचा, तो आठवडेच्या आठवडे बाहेर. चारांतली तीन मुलं याच घरात जन्मली. त्यातला एडी चार वर्षांचा व्हायच्या आत इथेच गेला. पुढे व्हाइट हाउसमध्ये विली वारला, नाटक बघताना शेजारी बसलेल्या नवऱ्याला गोळी घातली, १८७१ मध्ये टॅडही गेला. उरला थोरला रॉबर्ट. त्याने १८७५ मध्ये शिकागोच्या कोर्टात आईला वेडी ठरवून घेतलं. ज्युरीतले बाराही पुरुष. आणि ठेवलं कुठे, तर बाटेव्हियाच्या वेड्यांच्या इस्पितळात! तू सॉकर खेळायला जायचास ना, त्याच गावात. इतकी वर्षं मी तिथे गाडीत बसून तुझी वाट बघितली, मला पत्ताच नव्हता.

बाई पण खमकी. तिथून पत्रं लिहून, कायदा शिकलेल्या मायरा ब्रॅडवेलची मदत घेऊन काही महिन्यांत बाहेर पडली, आणि पुढच्या वर्षी कोर्टाकडून आपण शहाण्या असल्याचा निकालही मिळवला.

याच रॉबर्टने १८८७ मध्ये हे घर इलिनॉय राज्याला देऊन टाकलं. अट एवढीच, की नीट राखा आणि बघायला येणाऱ्यांकडून पैसे घेऊ नका. अजूनही तिकीट फुकट, खर्च काय तो पार्किंगचा. त्यामुळे आजोबा रॉबर्टवर जाम खूश. मी नाही. परतीच्या वाटेवर यावरून बाबांशी चांगलीच जुंपली. ते म्हणे, “मुलाची बाजूही बघ. आई हजारो डॉलरचे रोखे परकरात शिवून हिंडत होती, त्याने करायचं काय?” मागच्या सीटवर झोपल्यासारखी वाटणारी आजी डोळे न उघडता म्हणाली, “मग बाईने पैसे ठेवायचे तरी कुठे?” बाबा पाँटिॲक गाव येईपर्यंत गप्प.

बाटेव्हियाची ती इमारत अजून उभी आहे, आता तिथे लोक राहतात. थँक्सगिव्हिंगला आलास की बाहेरूनच बघून येऊ. आजीलाही यायचंय. गाडी तू चालव.

तुझी,
आई