फॉस्फेटवाल्या काकांना, जाहीर थँक्यू

काका, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून फोन ठेवता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आता ठेवा बघू.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. इथे न्यू जर्सीत आमच्या हॉलमध्ये माझी रीफ टँक आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी, मासे आणि सोबत जिवंत प्रवाळ. मी मूळची मालवणची, त्यामुळे हे खूळ कुठून आलं ते विचारू नका. (भारतात कडक प्रवाळ वन्यजीव कायद्यात वाघाच्याच यादीत आहेत, घरात ठेवायचा प्रश्नच नाही. इथे टाकीतच वाढवलेले तुकडे रीतसर विकत मिळतात.) तर या टाकीत फॉस्फेट वाढलं. माशांच्या खाण्यातूनच येतं ते मुख्यतः, आणि वाढलं की दगडांवर शेवाळ माजतं आणि प्रवाळांचा सांगाडा धड बनत नाही, वाढ ठप्प.

मग दुकानाच्या वाऱ्या. नाव घेत नाही, पण तिथे मी काहीही विचारलं तरी उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून द्यायचे, ज्याला टँग कुठला आणि क्लाउनफिश कुठला हे अजून सांगता येत नाही! त्यांच्या टेस्टमध्ये 0.3 आलं, माझ्या घरच्या मीटरवर 98, तर म्हणे तुमचं मीटर बिघडलंय, नवीन घ्या. मग एक बाटली, मग दुसरी बाटली, मग जीएफओचा, म्हणजे फॉस्फेट शोषणाऱ्या त्या तपकिरी लोखंडी दाण्यांचा, हा मोठा डबा, भरपूर घाला म्हणाले, मासे एक दिवसाआड जेवू दे म्हणाले. थोड्याच दिवसांत फॉस्फेट शून्य. दुकानदार खूश. इकडे माझे प्रवाळच आजारी: हॅमर मिटून बसलेला, बर्ड्सनेस्ट नावाच्या फांद्यांच्या प्रवाळाची टोकं पांढरी, आणि वाळूवर तपकिरी चिकट तारा, त्यात बुडबुडे. यावर सल्ला काय, तर अजून एक बाटली. आणि ऑनलाईन तज्ज्ञांचं तर विचारूच नका, "जमत नाही तर पाळता कशाला" हे सांगायला सगळ्यांना वेळ असतो.

हे सगळं मी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या लाईनीत मैत्रिणीला सांगत होते, आणि मागून तुम्ही विचारलंत, "नायट्रेट किती आहे?" ओळख ना पाळख! दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी हजर. कुणाला दोष नाही, लेक्चर नाही. मीटरची ती छोटी काचेची कुपी टाकीच्या पाण्याने विसळलीत, खिशातून चष्मा पुसायचं कापड काढून बाहेरून पुसलीत, दिव्यासमोर धरून बुडबुडे बघितलेत, बोटाचा डाग राहिला तरी आकडा चढतो म्हणालात. आणि तो 98 आणि 0.3 चा घोळ पाकिटाच्या मागे एका ओळीत मिटवलात. माझं मीटर फॉस्फरस दाखवतं, तेही पीपीबीत, म्हणजे अब्जात किती भाग, त्याला 3.066 ने गुणायचं की फॉस्फेट येतं, म्हणजे 300 पीपीबी, म्हणजेच दुकानाचं 0.3 पीपीएम, दहा लाखांत किती भाग ते. मीटर ठणठणीत होतं हो माझं.

पण खरं सांगू, मला सगळ्यात लक्षात राहिलं ते तुम्ही निघतानाचं. रिअ‍ॅक्टर, म्हणजे त्या दाण्यांतून पाणी फिरवणारी नळी, बंद केलात, दारात बूट घातलेत, परत आत आलात, जीएफओचा डबा उचललात आणि काखेत मारलात. "हा मी नेतो. हाताशी असला की घालावासा वाटतो." बस्स. त्या रात्री मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा शांत झोप लागली, कारण करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. थोडं फॉस्फेट प्रवाळांनाही लागतं, शून्य चालत नाही, दगडात आणि वाळूत मुरलेलं आपोआप बाहेर येईल, येऊ दे, माशांना पोटभर घाल, एवढंच सांगून गेला होतात. आलंही तसंच. मग बऱ्याच दिवसांनी तुम्ही पेपरात बांधलेली पुडी घेऊन आलात, किराणा दुकानातून जिरं आणावं तशी, आत चमचाभर दाणे! एवढेच घाल, संपले की सांग. मी तर हसतच सुटले, पण ती पुडी बांधायला तुम्ही बसला असाल हे डोक्यात आलं आणि घसा भरून आला. त्यानंतर दर रविवारी रात्री तुमचा एक शब्दाचा मेसेज, "किती?" आता 0.05 ते 0.08 च्या मध्ये असतं, शेवाळ आहे थोडं, असू दे, हॅमर मात्र झुलतोय मस्त.

ज्यांनी पैसे घेतले त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की पुढे काय झालं. तुम्ही पेट्रोलचेसुद्धा घेतले नाहीत. अशी माणसं असतात म्हणून परक्या मुलखात निभतं, नाहीतर इथे शेजारी कोण राहतं हे पार्सल चुकून आलं तरच कळतं. आणि मदत करून वर शहाणपणा न शिकवणारी माणसं तर तिकडेही कमीच भेटली मला, उगाच कशाला खोटं बोलू.

बर्ड्सनेस्टला नवीन टोकं फुटलीत काका. त्यातला एक तुकडा तुमच्यासाठी प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, चिकटवून ठेवलाय, चांगला धरलाय त्याने. नको वगैरे म्हणू नका, काकूंशी बोलणं झालंय माझं, शनिवारी जेवायलाच येताय तुम्ही दोघं.