विम्याचा हप्ता आणि वाढीव मुदत

मडगाव,
5 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आरोग्य विम्याचे नूतनीकरण यंदा करायचे नाही असे तुम्ही परवा फोनवर म्हणालात आणि लगेच भाताच्या कापणीचा विषय काढलात. या गोष्टी फोनवर नीट बोलता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते आहे. दोघांनी मिळून वाचावे.

आधी मुदतीचे पाहू. आपली पॉलिसी 24 ऑक्टोबरला संपली. हप्ता वर्षाचा असल्यामुळे 30 दिवसांची वाढीव मुदत मिळते, म्हणजे 23 नोव्हेंबरपर्यंत पैसे भरले तर पॉलिसी अखंड चालू राहिली असे धरले जाते. मात्र मधल्या दिवसांचा हप्ता कंपनीकडे पोहोचलेला नसल्यामुळे त्या काळात रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर तो खर्च विम्यातून मिळत नाही. आयुर्विम्याचे तसे नसते; तिथे वाढीव मुदतीतही संरक्षण चालू राहते आणि दुर्दैवाने काही झालेच तर थकलेला हप्ता वळता करून दाव्याची रक्कम दिली जाते. तुम्ही हा नियम दोन्हींना सारखाच लावलात, असे तुमच्या बोलण्यावरून वाटले. प्रत्यक्षात आज तुम्हा दोघांच्याही डोक्यावर आरोग्य विम्याचे छत्र नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच आहे.

23 तारीख उलटली तर नुकसान एका वर्षाच्या हप्त्यापुरते राहत नाही. ही पॉलिसी आपण 2017 मध्ये घेतली तेव्हा तुमच्या मधुमेहाची नोंद केली होती आणि त्याच्याशी निगडित उपचारांसाठी चार वर्षे थांबलो होतो. ती प्रतीक्षा संपली आहे. शिवाय सलग 60 महिने पॉलिसी चालली की एखादी माहिती सांगितली नव्हती असे कारण काढून कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच तसे करता येते. तुमच्या वाढत्या वयाचे किंवा आधी घेतलेल्या दाव्यांचे कारण देऊन नूतनीकरणही नाकारता येत नाही. खंड पडला की हे सारे गमावले जाते. मग नवा अर्ज, नव्या तपासण्या, आणि 69 व्या वर्षी मधुमेह असलेल्या माणसाचा नवा अर्ज फेटाळण्याची कंपनीला पूर्ण मोकळीक असते. स्वीकारला तरी आधीपासूनच्या आजारांसाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. गुडघेबदल आणि मोतीबिंदू यांसारख्या शस्त्रक्रियांनाही बहुतेक पॉलिसींत अशीच प्रतीक्षा असते. आई, तू परसात उतरताना दाराची चौकट धरून आधी उजवा पाय खाली ठेवतेस आणि मग क्षणभर थांबतेस, हे मी चवथीला पाहिले आहे. तुझा गुडघा तीन वर्षे थांबेल असे मला वाटत नाही.

हप्ता परवडत नाही ही तुमची अडचण खरी आहे. पण गेल्या वर्षी त्यावर 18 टक्के जीएसटी होता. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा तो कर 22 सप्टेंबर 2025 पासून उठला आहे. त्यामुळे जुन्या पावतीवरून अंदाज न बांधता नवी नोटीस उघडून आकडा पाहावा. तरीही रक्कम जड वाटली तर निम्मी मी भरीन, आणि यावर वाद घालू नये अशी माझी विनंती आहे.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आहे, बांबोळीचे सरकारी इस्पितळ आहे, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि त्या दोन्हींचा आपल्याला मोठा आधार आहे. परंतु ते कार्ड ठरवून दिलेल्या उपचारांपुरते असते, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंतच त्याचा लाभ मिळतो, आणि तेही मुदतीत नूतनीकृत करावे लागते. ते विम्याच्या जोडीला असावे, विम्याच्या जागी नको.

तुमच्या आयुर्विम्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. दोन लाखांची ती पॉलिसी 20 वर्षांची आहे आणि 16 वर्षांचे हप्ते भरून झाले आहेत. पुढचे हप्ते थांबवले तरी ती बुडत नाही. भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात, म्हणजे 1,60,000 रुपयांची पेड-अप पॉलिसी म्हणून ती उरते आणि आतापर्यंत जमा झालेला बोनसही त्यात राहतो. पुढचा बोनस तेवढा मिळत नाही. नंतर ती पुन्हा चालू करायची ठरवली तर थकबाकी, त्यावरचे व्याज आणि प्रकृती उत्तम असल्याचे घोषणापत्र द्यावे लागते, आणि विमा कायद्याच्या कलम 45 मधली तीन वर्षांची मुदत, म्हणजे माहिती दडवल्याचे कारण काढून कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येतो तो काळ, नव्याने सुरू होते. दोन्हींसाठी पैसे पुरत नसतील तर थांबवायची ती हीच. आरोग्य विम्याला हात लावू नये.

2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीतल्या कितीतरी घरांत ट्रकचे हप्ते आणि विम्याचे हप्ते एकदमच थकले. आपल्या वाड्यावरच्या त्या ट्रकमालकाने जेमतेम दोन वर्षे हप्ते भरले होते. तेवढ्या हप्त्यांवर ती पेड-अप होत नसल्यामुळे पॉलिसी बंद पडली, पुढच्या वर्षी तो गेला, आणि त्याच्या बायकोच्या हाती काहीच आले नाही. तिचे कागद घेऊन तुम्हीच शाखेत गेला होता. त्या दिवसांतही तुम्ही आपला एकही हप्ता चुकवला नाहीत. हे तुम्हाला आठवत असेलच.

आता करायचे ते असे. एजंट निवृत्त झाल्यापासून घरी कोणी धनादेश न्यायला येत नाही, म्हणून येत्या रविवारी मी येते आणि सोमवारी आपण दोघे म्हापशाच्या शाखेत जाऊन पैसे भरू. जुनी पॉलिसी, नवी नोटीस आणि पासबुक काढून ठेवावे. तोवर ‘तुमची बंद पडलेली पॉलिसी चालू करून देतो, बोनस अडकला आहे’ असे सांगणारा फोन आला तर एक पैसाही पाठवू नये आणि ओटीपी सांगू नये. हप्ता थकलेल्या माणसांनाच असे फोन करून लुबाडतात. पैसे भरल्यावर पुढच्या वर्षीपासून ते पेन्शनच्या खात्यातून आपोआप वळते व्हावेत असा अर्ज त्याच वेळी देऊ, आणि नोटिशीसाठी माझाही मोबाइल क्रमांक नोंदवू.

कळावे.

तुमची,
सुमेधा